इलोइलोतलं घर: पैसा तुमचा, नाव बायकोचं

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय ४१, नोकरी फिलिपिन्समध्ये मनिलात, बायको तिकडच्याच इलोइलोची. तिच्या माहेराजवळ, पावियात, २२ लाख पेसोंचं नवं रो-हाउस पाहिलंय. ४ लाख ४० हजार बिल्डरला २४ हप्त्यांत द्यायचे, उरलेल्या रकमेसाठी बायकोच्या नावे पाग-इबिगचं (तिकडच्या सरकारी गृहनिधीचं) कर्ज. दुसरा पर्याय मामेसासऱ्यांची साडेचार लाखांची जागा. गुंतवणूक म्हणून यातलं काय घ्यावं आणि त्यासाठी पुण्यातली एफडी मोडावी का?

गुंतवणूक म्हणून दोन्ही नको. राहायला म्हणून रो-हाउस चालेल, पण आधी एक गोष्ट ऐका, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही. फिलिपिन्सच्या १९८७च्या राज्यघटनेनुसार परदेशी माणसाला तिथली जमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आली तरच. फ्लॅट असता तर परदेशी मालकीच्या ४० टक्क्यांच्या मर्यादेत तुमच्या नावावर झाला असता. रो-हाउस मात्र खालच्या जमिनीसकट येतं, म्हणजे ते बायकोच्याच नावावर होणार. उद्या बिनसलं तर ‘पैसे मी भरले’ हे कोर्टात चालत नाही. एका जर्मन नवऱ्याने तसा दावा केला होता. जमिनीत घातलेले पैसे त्याला परत द्यायला तिथल्या सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये नकार दिला. तुमच्या संसारात मी नाक खुपसत नाही. पण बायकोला मोकळ्या मनाने देऊन टाकाल, तेवढीच रक्कम यात घाला.

आता भाड्याचा हिशोब. १७ लाख ६० हजार, २० वर्षं, ७ टक्के धरले तर हप्ता साधारण १३,६५० पेसो. शेजारचं घर ९,०००ला जातं, असं तुम्हीच लिहिलंय. बाराही महिने भाडेकरू राहिला तरी परतावा पाच टक्क्यांच्या आत आणि दरमहा खिशातून साडेचार हजारांवर. शिवाय मेंटेनन्स, अमिल्यार (तिकडची घरपट्टी) आणि वादळात पत्रे उडाले तर तो खर्च.

बुकिंगआधी त्या प्रकल्पाचं ‘लायसन्स टू सेल’ (घरं विकायचा सरकारी परवाना) बघा. बायकोच्या एकटीच्या पगारावर पाग-इबिग किती कर्ज देईल, तेही आत्ताच विचारून घ्या. बिल्डरचा माणूस ‘ते नंतर बघू’ म्हणेल. तिथेच मेख आहे. हप्त्याने घर घेणाऱ्यांसाठी १९७२चा मासेदा कायदा आहे. किमान दोन वर्षांचे हप्ते भरले असतील तर करार रद्द झाल्यावर भरलेल्यातले निम्मे परत मिळतात. दोन वर्षांच्या आत हप्ते थांबले तर थकबाकी भरायला फक्त ६० दिवसांची मुदत. तुमचे हप्ते नेमके २४! तेविसाव्या महिन्यात कर्ज नाकारलं गेलं आणि तुम्ही हात वर केलेत, तर या कायद्याने एक पेसोही परत मागता येणार नाही.

साइटवर जाल तेव्हा कोपऱ्यावरच्या सारी-सारी दुकानात थंड काहीतरी घ्या आणि दुकानदारीणबाईंना विचारा, २००८च्या जूनमध्ये फ्रँक वादळात पाणी कुठवर आलं होतं? अशा बायका भिंतीवर हात ठेवून दाखवतात. तो हात कमरेच्या वर गेला तर तो प्लॉट सोडा.

मामेसासऱ्यांची जागा स्वस्त का, ते तुम्ही पाठवलेल्या कागदावरच दिसतं. ते टॅक्स डिक्लरेशन आहे, टायटल (मालकीचा कागद) नव्हे. पुण्यात कुणी नुसती घरपट्टीची पावती दाखवून जागा विकायला आला असता तर तुम्ही चहासुद्धा विचारला नसता. त्यातही मालकाच्या रकान्यात मामेसासऱ्यांचं नाव नाही, आजेसासऱ्यांचं आहे, आणि त्यांना सात मुलं. सगळ्या वारसांच्या सह्या आणि ६ टक्के इस्टेट टॅक्स भरल्याशिवाय ही जागा त्यांना एकट्याने विकता येणारच नाही. अशा कागदावर पाग-इबिगचं कर्जही मिळणार नाही.

एफडी मोडू नका. २४ हप्ते म्हणजे महिना १८,३०० च्या आसपास, ते पगारातून जाऊ द्या. जड वाटले तर घरच जड आहे असं समजा. मामेसासऱ्यांना नाही म्हणायचं काम मात्र बायकोवर सोपवा, तुम्ही त्यात पडू नका.