चेंगदूमध्ये ऑफिसच्या कामातून अर्धा दिवस मोकळा मिळणार आहे. एखादं जुनं ताओ मंदिर बघायचं तर कुठलं? मी शाकाहारी आहे.

छिंगयांग गोंग. दुसरा विचारच करू नका.

कुणीतरी तुम्हाला छिंगचंग डोंगरावर जा म्हणेल. ते ताओ धर्माचं माहेर खरं, दुसऱ्या शतकात चांग ताओलिंगने पंथ उभा केला तो तिथेच, असं मानतात. पण साठेक किलोमीटर जा, पायऱ्या चढा, परत या, हे अर्ध्या दिवसात जमत नाही. छिंगयांग गोंग भर शहरात आहे. मेट्रोच्या पाच नंबर लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे. मी गेलो तेव्हा तिकीट 10 युआन होतं.

कंपनीच्या कामासाठी मी तिथे तीन आठवडे होतो आणि या मंदिरात दोनदा गेलो. पहिल्यांदा चाळीस मिनिटांत फोटो काढून बाहेर. ती खेप फुकट गेली म्हणा. दुसऱ्यांदा बोकडाजवळ नुसता उभा राहिलो.

हो, बोकड. नावातच आहे तो. कथा अशी, की ताओ पंथाचा आद्य गुरू लाओत्से देश सोडून पश्चिमेकडे निघाला तेव्हा खिंडीवरच्या अधिकाऱ्याला, यिन शीला, म्हणाला, हजार दिवसांनी मला चेंगदूच्या बोकडबाजारात शोध. ती जागा हीच, असं मानतात. मुख्य देवळापाशी पितळेचे दोन बोकड आहेत. दोन शिंगांचा 1829 मध्ये ओतलेला. एका शिंगाचा 1723 मध्ये बीजिंगहून आणलेला, आणि बघायचा तो हाच. चिनी राशीचक्रातले बाराही प्राणी त्याच्या अंगात भरलेत. कान उंदराचे, नाक बैलाचं, नखं वाघाची, शेपटी सापाची, दाढी तेवढी बोकडाची स्वतःची. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरचा शरभ आठवतो, फक्त हा बिचारा गरीब स्वभावाचा दिसतो.

आपलं जे दुखतं तो भाग बोकडाचा चोळायचा, अशी तिथली समजूत. त्यामुळे अंग चिंच लावून घासलेल्या समईसारखं लखलखतं. एक आजी आधी बोकडाच्या गुडघ्यावरून हात फिरवायच्या, मग स्वतःच्या, पुन्हा त्याच्या. कुठलीही घाई नाही. हॉटेलच्या उशीने माझी मान धरली होती, मीही मान चोळली. ती माकडाची आहे हे नंतर कळलं.

हे मुख्य देऊळ तीन 'विशुद्ध' देवांचं, त्यातला एक म्हणजे देवपदाला पोचलेला लाओत्से. आत 36 खांब, त्यातले 28 दगडी, 28 नक्षत्रांचे. आपली 27, अभिजित धरला तर 28, म्हणजे हिशेब जुळतो. उंबरठे गुडघ्याएवढे उंच. ओलांडून जायचं, पाय द्यायचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको. गाभाऱ्यात फोटो काढू नका. डोक्यावर बुचडा बांधलेले, दाढीवाले दिसतील ते ताओ साधू. मुंडन केलेले ते बौद्ध, त्यांची देवळं वेगळी.

अष्टकोनी मंडप मात्र सोडू नका. तळ चौकोनी, वर अष्टकोन, माथा गोल, कारण पृथ्वी चौकोनी आणि आकाश गोल. त्यावर 81 ड्रॅगन कोरलेत, लाओत्सेच्या ग्रंथाचे अध्यायही 81. याच ग्रंथाचं संस्कृत भाषांतर करायला सम्राटाने सातव्या शतकात ह्युएन त्संगला बसवलं होतं. 'ताओ'ला त्याने शब्द दिला 'मार्ग', आणि ताओ पंडित 'बोधी'च हवं म्हणून अडून बसले. आपला महाराष्ट्र पाहून गेलेल्या या माणसाने भिक्षूची पूर्ण दीक्षा घेतली ती याच चेंगदूत. मला हे आधी माहीत असतं तर पहिल्या खेपेला इतकी घाई केली नसती.

जेवण आवारातल्याच शाकाहारी भोजनालयात करा. दुसरीकडे 'भाजी' मागितली तरी वर खिमा भुरभुरलेला असू शकतो. ताटात मासा किंवा मांस दिसलं तर दचकू नका, ते टोफू किंवा गव्हाच्या प्रथिनाचं असतं. पैसे बहुतेक जण फोनवरूनच देतात, तेव्हा अलीपे हे पैसे द्यायचं चिनी अॅप इथूनच सुरू करून जा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या घासाला जीभ बधिर होईल, मुंग्या येतील. ती सिचुआनी मिरी. कोकणातले असाल तर लगेच ओळखाल, आपल्या तिरफळाची चुलतबहीण आहे.