टॅरिफ, तारीफ आणि टॉवेल

सोलापूरच्या एका टॉवेल कारखानदाराने विचारलंय : 'टॅरिफचं संरक्षण' बरोबर की 'टॅरिफपासून संरक्षण'? दोन्ही बरोबर. परदेशी टॉवेलवर दिल्लीने आयातशुल्क बसवलं तर ते टॅरिफचं संरक्षण. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरचं जादा शुल्क 50 टक्क्यांवर नेलं, तेव्हा निर्यातदाराला हवं होतं ते टॅरिफपासून.

चूक आहे ती 'टॅरिफ शुल्क'. बातम्यांत रोज ऐकून कान किटले. पिवळा पीतांबर झाला हा!

टॅरिफ मूळचा अरबी. तारीफ म्हणजे ओळख करून देणं, कळवणं. कोणत्या मालाला किती कर हे कळवणारी यादी, तीही तारीफच. इटालियन व्यापाऱ्यांनी तिची 'तारिफा' केली आणि फ्रेंचांमार्फत ती इंग्रजीत शिरली. आपल्याकडे तोच शब्द फारसीतून आला आणि स्तुती होऊन बसला. मूळ अर्थ हिंदीत अजून जिवंत आहे : सोलापूरच्या विजापूर वेशीत कुणी 'आपकी तारीफ?' म्हणालं तर आपले गुण सांगत सुटू नका, नाव सांगा. आणि वर मी 'फ्रेंचांमार्फत' लिहिलं, तो 'मार्फत'ही याच अरबी धातूचा! माझ्या मते विजेच्या बिलावरचा टॅरिफ, म्हणजे दरपत्रक, हाच मूळ अर्थाला धरून आहे. अर्थशास्त्रवाल्यांनी यादीचं नाव कराला चिकटवलं.

स्पेनच्या तारिफा बंदरात चाचे खंडणी घेत, त्यावरून टॅरिफ, ही गोष्ट काही पुस्तकं अजून छापतात. छापोत. ते बंदर तरीफ नावाच्या सरदाराचं आणि त्या नावाचा अरबी धातूच निराळा. रोमन लिपीत वाचून व्युत्पत्त्या लावल्या की असंच होतं.

शुद्धिवादी 'प्रशुल्क' सुचवतात. कशाला? 'संरक्षक जकात' हा चांगला रुळलेला शब्द होता. अर्थात प्रत्येक जकात संरक्षक नसते. 1896 मध्ये इंग्रज सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि लँकेशायरचे विलायती गिरणीवाले नाराज होऊ नयेत म्हणून आपल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसवला. सोलापूरची जुनी मिल तेव्हा चालू होती. तो कर थांबायला 1925 चा डिसेंबर उजाडला.

संस्कृतच हवं असेल तर कौटिल्याचा 'उच्छुल्क' घ्या : फार उपयोगी माल आणि दुर्मिळ बियाणं शुल्काशिवाय येऊ द्यावं, असं तो सांगतो. 'ड्यूटी-फ्री'ला यापेक्षा नेमका शब्द कुणी दाखवावा.