तत्रैव, उनि आणि बाजूला पडलेला कित्ता

ऐरोलीच्या एका संशोधक विद्यार्थिनीने विचारलंय : अनुदानासाठीच्या दोन पानी प्रस्तावात संदर्भ बसवायचेत, तर पुन्हा आलेल्या ग्रंथाला 'तत्रैव' लिहू की 'उनि'? मार्गदर्शक 'उनि' म्हणजे 'उपरोक्त निर्दिष्ट' असं सांगतात.

आधी त्या 'उपरोक्त'चा निकाल लावू. उपरि + उक्त = उपर्युक्त. इ-पुढे उ आला की य् होतो, ओ कुठून आणलात? शिवाय उक्तही आणि निर्दिष्टही, म्हणजे एका कामाला दोन माणसं. 'उनि' हे 'उपरिनिर्दिष्ट'चं, म्हणजे 'वर उल्लेखलेला'चं आखूड रूप, संपलं. 'आता रूढ झालंय' म्हणणाऱ्यांनी निदान प्रबंधात तरी ते रूढ करू नये.

'तत्रैव' म्हणजे 'तिथेच', लॅटिन 'इबिडेम'चा अगदी जुळा भाऊ. तो फक्त लगतच्या आधीच्या टिपेकडे बोट दाखवतो. मध्ये एक नवी टीप घुसवलीत की बोट भलत्याच ग्रंथाकडे वळतं, आणि हे मला दर दुसऱ्या प्रबंधात दिसतं. संदर्भ कसे द्यावेत हे सांगणाऱ्या शिकागो मॅन्युअलनेही 2017 च्या आवृत्तीत 'इबिड'ऐवजी (इबिडेमचंच आखूड रूप) आडनाव आणि आखूड शीर्षक पसंत केलं.

पण मला विचाराल तर मराठीला ना तत्रैव हवं होतं ना उनि. आपल्या मोडी जमाखर्चात 'वरीलप्रमाणेच' म्हणायला 'कित्ता' होता! मूळ अरबी 'कितआ', म्हणजे तुकडा. सुलेखनकाराने नमुन्यादाखल लिहिलेला तुकडाही कितआच. तोच आपण शाळेत गिरवला. धातूचा अर्थ कापणे. त्याच धातूचा गझलेचा मक्ता, म्हणजे शेवटचा शेर, जिथे गझल तोडतात. आणि मक्तेदारीतला मक्ताही त्याच घरचा. तुकडा, नमुना, पुन्हा तेच : एवढा प्रवास केलेला शब्द 'बाजारी' ठरवून पंडितांनी तळटिपेतून हाकलला आणि त्या जागी संस्कृत आणून बसवलं. कारकुनांना कळत होतं ते विद्वानांना कळलं नाही, असंच माझं मत.

हां, तुमची दोन पानं. तिथे तत्रैव, उनि, कित्ता काहीच नको. मजकुरात चौकटी कंसात क्रमांक द्या. तोच ग्रंथ पुन्हा आला तर तोच क्रमांक. शेवटी सूची प्रत्येक नोंदीला नवी ओळ न घेता सलग परिच्छेदात लावा. अनुदान देणाऱ्यांची हरकत नसेल तर लेखांची शीर्षकंही गाळा. भौतिकशास्त्रवाले अनेकदा शीर्षक गाळतात : गुरुत्वीय लहरींच्या शोधाचा हजारावर लेखकांचा निबंध 'ॲबट व इतर, फिज. रेव्ह. लेट. 116, 061102 (2016)' एवढ्यात, नियतकालिकाच्या नावासकट, मावतो. आणि 'व इतर'पुढे टिंब देऊ नका. 'व इतर' या अर्थाच्या लॅटिन 'एट अल.'ला टिंब आहे, कारण तिथे 'अल' हे लघुरूप आहे. 'इतर' अख्खा शब्द आहे.