मांजराचं पिल्लू घरात आलंय? आधी एवढं करा

सगळं घर एकदम मोकळं सोडू नका. पहिला आठवडा एकच खोली, आणि ती जमिनीवर बसून तपासा.

सगळ्यात घातक म्हणजे दोरा: शिवणाचा, गजऱ्याचा, राखीचा. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळं तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही. तो गिळला जातो आणि आतडं चुण्या पडून फाटू शकतं. तोंडातून किंवा शेपटीखालून टोक लोंबत असेल तर ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या. सुईदोऱ्याचा डबा आजच झाकणाचा घ्या.

फरशीला फिनेल बंद. पंजे चाटताना ते पोटात जातं. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल अजिबात नाही, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. कुत्र्याचं गोचिडीचं औषधही नको, त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं, ते मांजरांना विषारी. बुकेतल्या लिलीचे नुसते परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात.

आणि हो, आपल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातला तुकडा लाडानं भरवू नका. कांदा-लसणानं त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. बिनमिठाचं उकडलेलं चिकन द्या, हाडं काढून.

कोल्हापुरात पावसाची झड लागली की पिल्लं उबेला गाडीच्या इंजिनाजवळ शिरतात. स्टार्टर मारण्याआधी बॉनेटवर, सीटवर दोन थापा. वॉशिंग मशीनही आत हात घालून बघितल्याशिवाय लावू नका.