ऑस्करच्या मोसमातली मित्रांची बैठक: कॉकटेल किती, कोणती आणि कशासाठी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सात-आठ मित्रमैत्रिणी, ऑस्करची नामांकनं जाहीर झाल्यावर एक संध्याकाळ सिनेमांवर गप्पा, आणि प्रत्येक सिनेमाला साजेसं एक कॉकटेल. गेल्या वर्षी दहा सिनेमे आणि दहा पेयं असा बेत केलात. पाचव्या पेयानंतर बोलणं विस्कटलं, एका नटाच्या अभिनयावरून दोघांचं बिनसलं आणि जे दोघं पीत नाहीत ते लवकर उठून गेले. यंदा काय बदलावं, असं विचारलंय. शेवटी मार्टिनी हलवायची की ढवळायची, हेही विचारलंय.

मी अकरा वर्षं अशी बैठक भरवतेय. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. आठ सिनेमे, आठ पेयं, आणि मी पूर्ण वेळ बर्फ आणि लिंबं यांच्यात. बाहेर काय बोलणं झालं ते मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. त्यानंतर एक गोष्ट पक्की केली: पेय हे सिनेमाबद्दल काहीतरी सांगणारं हवं. नाव जुळतं, रंग पोस्टरसारखा दिसतो, एवढ्यावर पेय ठरवलं की लोक फोटो काढतात आणि विषय तिथेच संपतो. पेयामुळे एखाद्या प्रसंगाकडे पुन्हा बघावंसं वाटलं, तरच ते टेबलावर आणायचं. असं पाहिलं की दहांपैकी दोन-तीन पेयंच उरतात. तेवढीच पुरेत.

उदाहरण देते, म्हणजे स्पष्ट होईल. तीन वर्षांपूर्वी आम्ही नव्या सिनेमांआधी आठवडाभर जुन्या विजेत्यांची एक बैठक ठेवली होती. दिग्दर्शक एकच, बिली वाइल्डर. सिनेमे तीन: ‘द लॉस्ट वीकेंड’, ‘सम लाइक इट हॉट’ आणि ‘द अपार्टमेंट’. प्रत्येकाने ते आधी घरी पाहून यायचं, बैठकीत फक्त निवडक प्रसंग लावायचे.

‘सम लाइक इट हॉट’ची गोष्ट 1929 सालची, अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातली. सुरुवातीलाच अंत्यविधीच्या दुकानाआड चालणारा चोरटा बार दिसतो. तिथे व्हिस्की कॉफीच्या कपातून येते आणि मागतानाही तिला कॉफीच म्हणायचं. पुढे रेल्वेच्या डब्यात बर्थवर गर्दी करून मॅनहॅटन नावाचं व्हिस्कीचं कॉकटेल बनवतात, तेही शेकायच्या रबरी पिशवीत. म्हणून मी त्या दिवशी मॅनहॅटन केलं आणि छोट्या कॉफीच्या कपांत दिलं. बाकी काही सजावट नाही. कप हातात आल्याबरोबर एकाने विचारलं, की त्या सिनेमात प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच कशाच्या तरी वेषात का आहे? पुरुष बायकांच्या वेषात, बार अंत्यविधीच्या दुकानाच्या वेषात, दारू कॉफीच्या वेषात. त्यावर अर्धा तास गेला. त्या सिनेमाला सहा नामांकनं होती आणि मिळालेला एकमेव ऑस्कर वेशभूषेचा होता. हे मी नंतर सांगितलं तेव्हा तो पुरस्कार सगळ्यांना वेगळाच दिसायला लागला.

बोलण्याच्या ओघात आणखी एक गोष्ट निघाली. पहिला ऑस्कर सोहळाही त्याच वर्षीचा, 16 मे 1929 चा. म्हणजे तोही दारूबंदीतच झाला. पुरस्कार वाटायला साधारण पंधरा मिनिटं लागली आणि विजेते तीन महिने आधीच जाहीर झालेले होते. आज आपण ज्या उत्कंठेसाठी जागतो, ती तेव्हा नव्हतीच.

‘द लॉस्ट वीकेंड’ हा दारूच्या व्यसनात बुडालेल्या लेखकाचा सिनेमा. 1946 च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा आणि रे मिलंडला अभिनयाचा, असे चार ऑस्कर त्याला मिळाले. याच्यासाठी कॉकटेल करायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. त्या वेळी सगळ्यांना फक्त गार पाणी, व्हिस्कीच्या आखूड ग्लासात. काही विषयांसमोर पेला उंचावणं मला योग्य वाटत नाही. तुमच्या यादीत व्यसनावरचा, युद्धावरचा किंवा एखाद्या खऱ्या शोकांतिकेवरचा सिनेमा असेल तर माझं आग्रहाचं सांगणं आहे, त्याला पेय जोडू नका.

आणि त्या रात्रीची सगळ्यात मोठी गोष्ट त्या पाण्याच्या ग्लासांमुळेच घडली. ‘द लॉस्ट वीकेंड’मध्ये नायक बारवाल्याला ग्लासच्या ओल्या खुणा पुसू देत नाही. लाकडावर एकेक गोल उमटत जातो आणि तो किती प्यायलाय ते आपल्याला कळत जातं. पुढे आम्ही ‘द अपार्टमेंट’मधला नाताळच्या आदल्या रात्रीचा प्रसंग लावला. नायक जॅक लेमन बारवर एकटा बसलाय, मार्टिनीमागून मार्टिनी चाललीय आणि काडीला टोचलेले ऑलिव्ह तो समोर गोलाकार मांडत चाललाय. इथेही कोणी आकडा सांगत नाही. एक मैत्रीण टेबलावरचा ओला गोल पुसायला गेली आणि हात तसाच ठेवून म्हणाली, “अगं, हा तोच गोल आहे!” पंधरा वर्षांच्या अंतराने काढलेले दोन सिनेमे, एक काळाकुट्ट, एक हसवता हसवता दुखावणारा, आणि दिग्दर्शक तोच हिशेब गोलांनी मांडतोय. आम्ही दोन्ही प्रसंग पाठोपाठ तीन वेळा पाहिले. पटकथा म्हणजे नुसते संवाद नव्हेत, हे मला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. ‘द अपार्टमेंट’ला चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथेबरोबर संकलनाचाही ऑस्कर होता. तो कशासाठी, हेही त्या रात्री उमगलं.

आता मापांचं. मॅनहॅटन म्हणजे 60 मिली व्हिस्की, 30 मिली गोड व्हरमूथ (मसाल्यांचा स्वाद दिलेली वाइन) आणि दोन थेंब बिटर्स, म्हणजे कडू मसालेदार अर्क. एवढ्या एका पेल्यात जवळजवळ 23 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. अमेरिकेत एक प्रमाणित पेय 14 ग्रॅमचं धरतात, म्हणजे हा एकच पेला दीडपटीहून जास्त झाला. अशी दहा पेयं ठेवली तर पाचव्याला बोलणं विस्कटणारच, त्यात तुमच्या मित्रांचा काहीच दोष नाही. अर्धं माप द्या. पेला लहान घ्या, म्हणजे तो रिकामा वाटत नाही. पूर्ण संध्याकाळभरात तीन अर्धे पेले, मध्ये भरपूर पाणी आणि खायला काहीतरी. गाडी चालवणाऱ्यांसाठी हेही जास्तच आहे. त्यांना बिनदारूचंच द्यायचं.

आणि आदल्या दिवशीच करून ठेवा. आठ पूर्ण पेल्यांसाठी 480 मिली व्हिस्की, 240 मिली व्हरमूथ, बिटर्स, आणि वर 150 मिली पिण्याचं पाणी. हे पाणी विसरू नका. बर्फात ढवळताना जो बर्फ वितळतो त्याची जागा ते घेतं. नाहीतर पेय जहाल लागतं. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं की यजमानाला फक्त ओतायचं काम राहतं. लिंबाचा रस मात्र त्याच दिवशी काढायचा, आणि सोडा किंवा फसफसणारी वाइन अगदी देताना. उघडलेली व्हरमूथची बाटलीही फ्रिजमध्येच हवी. ती मुळात वाइन आहे, बाहेर राहिली की चव जाते.

जे पीत नाहीत त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण तुमच्याकडचे दोघं उठून गेले. सगळ्यांच्या हातात विचारपूर्वक बनवलेलं काहीतरी असताना एखाद्याला थंड पेयाचा कॅन दिला, की त्याला आपण बाजूला बसवलं असाच अर्थ होतो. तोच कप, तीच कल्पना, तोच रंग त्यांनाही मिळायला हवा. मॅनहॅटनच्या जोडीला मी कडक कोरा चहा गार करून त्यात काळ्या द्राक्षांचा रस आणि संत्र्याच्या सालीचा वास घालते. चहाचा तुरटपणा इथे फार उपयोगी पडतो, नुसत्या फळांच्या रसाने ते लहान मुलांचं पेय होतं. एक सावधगिरी: अँगोस्टुरा बिटर्समध्ये जवळपास 45 टक्के अल्कोहोल असतं. थेंबभरच का होईना, जो अजिबात घेत नाही त्याच्या पेल्यात ते घालू नका, किंवा आधी विचारा. आमच्याकडे आता दोन्ही भांडी शेजारी असतात आणि कोण कुठलं घेतंय याकडे कोणाचं लक्षही नसतं.

भांडणाबद्दल. “कोण जिंकणार” हा प्रश्न मुळातच भांडणाचा आहे, आणि त्यात सिनेमा फारसा येतही नाही. तो अंदाजाचा खेळ आहे आणि त्याची साधनंही ठरलेली आहेत. दिग्दर्शक, निर्माते, कलाकार यांच्या संघटनांचे पुरस्कार बघायचे, कारण त्यांचे बरेच सदस्य ऑस्कर देणाऱ्या अकादमीतही मतदान करतात. गोल्डन ग्लोब या दुसऱ्या पुरस्कारांना मत देणारे पत्रकार असतात, त्यामुळे तिथल्या निकालावरून ऑस्करचं मत कळत नाही. हे दहा मिनिटांत उरकून टाका. हवं तर प्रत्येकाचा अंदाज लिहून पाकिटात बंद करा. बंद पाकिटांची प्रथा ऑस्करलाही 1941 पासून आली, कारण आदल्या वर्षी एका वृत्तपत्राने सोहळ्याआधीच विजेते छापले होते.

त्याऐवजी तुमचं स्वतःचं मतदान घ्या, आणि ते पसंतीक्रमाने घ्या. हा एक बदल केलात तरी बैठक बदलेल. ऑस्करमध्ये इतर विभागांत एकेक मत देतात, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी 2009 च्या सिनेमांपासून सदस्य पसंतीचे क्रमांक लिहितात. कोणाला निम्म्याहून जास्त पहिली पसंती मिळाली नाही, तर तळाचा सिनेमा बाद होतो आणि त्याची मतं त्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीला जातात. निम्मा आकडा ओलांडेपर्यंत हे चालतं.

आमच्या नऊ जणांत एकदा असं झालं: एका भव्य युद्धपटाला चार पहिली मतं, एका छोट्या कौटुंबिक सिनेमाला तीन आणि तिसऱ्या सिनेमाला दोन. तिसरा बाद झाला. त्या दोघांचीही दुसरी पसंती कौटुंबिक सिनेमाला होती, म्हणून तो पाच मतांनी जिंकला. युद्धपटवाले चौघं अवाक झाले. पण पुढच्या वर्षीपासून सगळ्यांचं बोलणं बदललं. स्वतःचा आवडता सिनेमा रेटून उपयोग नाही, दुसऱ्याच्या यादीत तो दुसरा-तिसरा यायला हवा, हे कळलं की माणूस समोरच्याला विचारायला लागतो: तुला त्यात काय खटकलं? आपल्या पाचव्या क्रमांकाच्या सिनेमाबद्दलही चांगलं बोलायला लागतो. मतमोजणी मोठ्याने करा, एकेक चिठ्ठी वाचून, घाई न करता.

सोबत दोन नियम. त्या विभागातले सगळे सिनेमे पाहिले असतील तरच त्या विभागात मत. हा नियम अकादमीनेही 2025 मध्ये अंतिम फेरीसाठी जाहीर केला, आणि तो अगदी योग्य आहे. दुसरा आमचा: अभिनयाबद्दल बोलायचं तर प्रसंग सांगून बोलायचं. “तो फारच भारी आहे” किंवा “नुसता मेकअप आहे” असं नाही. कुठला प्रसंग, त्यात तो काय करतो, कुठे थांबतो, कुठे बघतो. तुमच्या दोघांचं ज्या नटावरून बिनसलं, त्याचा तो प्रसंग यंदा लावा आणि दोघांना शेजारी बसवून दाखवा. मत बदलणार नाही कदाचित, पण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतील.

वेळ उरला तर जुन्या एखाद्या वर्षाचं पुन्हा मतदान घ्या. 1960 च्या सिनेमांचं घ्या. त्या वर्षी दिग्दर्शनाच्या नामांकनांत वाइल्डरसमोर ‘सायको’साठी हिचकॉक होता. वाइल्डर जिंकला, ‘सायको’ला तर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकनही नव्हतं, आणि हिचकॉकला दिग्दर्शनाचा ऑस्कर शेवटपर्यंत मिळाला नाही. आमच्याकडे यावर रात्री एकपर्यंत चर्चा चालली होती आणि माझं मत अजूनही ‘द अपार्टमेंट’लाच आहे.

मार्टिनी ढवळायची. नुसती मद्यं असतील तर बर्फात ढवळतात, पेय नितळ आणि मऊ राहतं. लिंबाचा रस, साय किंवा अंड्याचा पांढरा भाग असेल तर शेकरमध्ये जोरात हलवायचं. पुरेसा बर्फ घ्या, अर्धा मिनिट ढवळा, आधी गार केलेल्या पेल्यात गाळा. आणि ऑलिव्ह काडीला टोचून द्या, ‘द अपार्टमेंट’ लावणार असाल तर नक्कीच.