तीन वर्षं परमिटची, नोकरीची नव्हेत

प्रश्न : मी सांगलीची, बी.कॉम., वय २९. लग्नानंतर फॅमिली व्हिसावर स्टुटगार्टला येऊन दोन वर्षं झाली. मिस्टर ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित कुशल कामगारांचं परमिट) आले होते, त्यांना नुकतीच पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी मिळाली. मला मात्र पीआरसाठी तीन वर्षं नोकरी दाखवावी लागेल असं सगळे सांगतात. माझी दोन वर्षं घरातच गेली. ओळखीचे एक दुकानदार मला कागदोपत्री कामाला दाखवायला तयार आहेत. काय करू?

उत्तर : ताई, तुमची दोन वर्षं वाया गेलेली नाहीत. तीन वर्षांची अट रेसिडेन्स परमिटची आहे, नोकरीची नाही. मार्च २०२४ पासून जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम ९ मध्ये तुमच्यासारख्यांसाठी वेगळी सोय झाली आहे. कुशल मनुष्यबळ म्हणून पीआर मिळालेल्याच्या जोडीदाराकडे तीन वर्षं परमिट हवं, दोघं एकत्र राहत असावेत आणि अर्ज करणारा जोडीदार आठवड्याला किमान २० तास काम करत असावा. पीआरला एरवी लागणारे पेन्शनचे ६० महिन्यांचे हप्ते या वाटेने मागत नाहीत. म्हणजे तुमचं एकच वर्ष उरलं आहे.

त्या दुकानदारांना आजच नाही म्हणा. परमिटसाठी खोटी माहिती देणं हा तिथे गुन्हा आहे. अर्ज तर फेटाळला जाईलच, हातातलं परमिटही धोक्यात येईल. आणि गरजच काय? तुमच्या परमिटवर कुठलीही नोकरी करायची मुभा आहे.

फक्त मिनीजॉबवर, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंतच कमाई असलेल्या छोट्या नोकरीवर, विसंबू नका. त्याची कमाईची मर्यादाच किमान वेतनाने आठवड्याला साधारण १० तासांची आहे. अर्धवेळ चालेल, पण करारात २० किंवा जास्त तास स्पष्ट लिहिलेले हवेत. पगाराच्या पावत्या जपून ठेवा.

मला नोकरीपेक्षा जास्त काळजी जर्मनची वाटते. पत्रात तुम्ही भाषेबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. पीआरला बी-१ (जर्मनची मध्यम पातळी) लागतं, शिवाय ‘लेबेन इन डॉइचलांड’ ही जर्मनीतल्या जीवनाविषयीची परीक्षा. याची तयारी करून घेणारा सरकारी इंटिग्रेशन कोर्स साधारण ७०० तासांचा असतो, त्यात ६०० भाषेचे. उद्याच नाव घाला, कारण नोकरीही त्यावरच अडणार आहे.

बी.कॉम.ला वाव आहे. हिशेबनीसाच्या कामाला परवाना लागत नाही. पदवीचं तुलनापत्र (आपली पदवी जर्मनीतल्या कुठल्या पदवीच्या तोडीची, ते सांगणारा कागद) काढून घेतलंत तर मालकाला तुमचं शिक्षण कळेल. टॅली येत असेलच. तिथल्या कर सल्लागारांकडे डाटेव्ह हे हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतं, ते शिकून घ्या. सरकारी रोजगार कार्यालयात सल्ला फुकट मिळतो, वेळ ठरवून जा.

वर्षभरात २० तासांचं काम नाहीच जमलं, तरी दार बंद होत नाही. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर नेहमीच्या वाटेने अर्ज करता येतो, आणि तिथे एकत्र राहणाऱ्या जोडप्यात एकाचे पेन्शनचे हप्ते पुरतात. कोर्सला नाव घातलंत की मला कळवा, मग तुमचा बायोडेटा जर्मन पद्धतीने बसवू.