नील ॲडम्स यांना ज्युदोमध्ये एवढा मान का आहे?

खेळाडू, प्रशिक्षक आणि समालोचक या तिन्ही नात्यांनी या माणसाने ज्युदोला आयुष्य वाहिले, हे त्याचे खरे कारण आहे. १९५८ साली इंग्लंडमधील रग्बी या गावी जन्मलेल्या ॲडम्स यांनी १९८० च्या मॉस्को आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदके मिळवली. सुवर्ण मात्र दोन्ही वेळा हातचे निसटले, आणि त्याची हळहळ ज्युदोप्रेमींना आजही वाटते.

तरीही त्यांची खरी ओळख १९८१ च्या मास्ट्रिख्ट येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची आहे. तेथे ७८ किलो गटाच्या अंतिम लढतीत त्यांनी जपानच्या जिरो कासे यांना ‘जुजी-गातामे’ या डावाने शरण आणले. या डावात प्रतिस्पर्ध्याचा हात दोन्ही मांड्यांमध्ये धरून, मनगट छातीशी आवळून, कंबर वर उचलत कोपरावर ताण दिला जातो. जमिनीवरची ही लढत अनेक खेळाडू टाळत असत, तिलाच त्यांनी आपले बलस्थान बनवले, हे मला विशेष मोलाचे वाटते.

पुढे त्यांनी वेल्स आणि बेल्जियमच्या खेळाडूंना घडवले. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाच्या स्पर्धांच्या प्रक्षेपणात समालोचक म्हणून त्यांचा आवाज आता जगभर ओळखीचा झाला आहे.